चौदा ड्रमांचं बारसं

मी बोलायला लई सावकाश आहे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं जे झालं त्यात निम्मा दोष माझ्या जिभेचा आहे आणि निम्मा डोक्याचा. (हात बिचारे निर्दोष. त्यांनी फक्त ब्रश धरला.) माझं वाक्य अर्ध्यावर येतं तोवर समोरचा माणूस जिना उतरून, गाडीला किक मारून, क्रांती चौकापर्यंत पोचलेला असतो. आमची कारभारीण बानाबाई म्हणते, “तुमी सकाळी चहा मागायला तोंड उघडता, तवर माझ्या भाकरी होत्यात.” ती वाढवून सांगते. पण थोडंच.

आम्ही मूळचे पिशोरचे. सगळा जन्म मेंढरांच्या मागं गेला. दुष्काळाची सालं लागोपाठ आली, रानात काडी राहिली नाही, तेव्हा मेंढरं दुसऱ्याच्या हवाली केली आणि आम्ही पोरापाशी गारखेड्यात राहायला आलो. तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणायचे. पोरगा हनुमान वाळूजला कंपनीत आहे. त्याची पोरगी ज्ञानेश्वरी लहानपणापासून आमच्याजवळ पिशोरला वाढली, तिथल्याच शाळेत शिकली. आमच्या दोन गाठोड्यांबरोबर तीही शहरात आली.

बिल्डिंग नवी होती. चार वर्षांमागं तिथं बाजरी उभी असायची म्हणे. मी दिवसभर खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसायचो आणि मनात म्हणायचो, एवढ्या जागेत दोनशे मेंढरं आरामात बसली असती. (बानाबाईला हे एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, “मंग त्यायच्या जागी तुमी बसलाच की.”)

ज्ञानूचं मात्र अवघड झालं. इथल्या इंग्रजी शाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, पोरगी चलाख आहे, पण इंग्रजी म्हणजे नुसतं गुड, बॅड, बिग आणि स्मॉल. जूनमध्ये सातवीत बसायचं असेल तर एक परीक्षा द्यावी लागेल. एखाद्या माणसाचं नाहीतर जागेचं वर्णन लिहायचं, त्यात वीस विशेषणं पाहिजेत, आणि त्यातलं एकही गुड-बॅड चालणार नाही. जमलं तर सातवी. नाही जमलं तर पाचवी.

पाचवी म्हणजे दोन वर्षं मागं. पोरगी त्या दिवशी जेवली नाही. मला तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं, पण माझं वाक्य जुळेपर्यंत ती झोपून गेली.

देव पावला तो तनुजाच्या रूपानं. तनुजा म्हणजे आमच्या बिल्डिंगचे अध्यक्ष तात्यासाहेब, त्यांची सून. कॉलेजात इंग्रजी शिकवणारी. ती म्हणाली, “काका, रोज संध्याकाळी पाठवा तिला आमच्याकडं. महिनाभरात तयार करते.” त्या घराचे उपकार. तात्यासाहेब मोठ्या शेतीवाडीचे, आवाज भरदार आणि पोट त्याहून भरदार. त्यांच्या आशाबाई मायाळू, केस काळेभोर. (दर महिन्याच्या एक तारखेला जास्तच काळेभोर.)

ज्ञानू शिकून आली की वही उघडून माझ्या खुर्चीपाशी बसायची. वहीत दोन रांगा. एका बाजूला साधा शब्द, दुसऱ्या बाजूला भारी.

“आबा, बिग म्हणायचं नाय. एनॉर्मस म्हणायचं. ओल्ड म्हणायचं नाय. एन्शंट म्हणायचं.”

“विशेषण… म्हंजी… काय?” मी विचारलं.

ती माझ्यासाठी थांबते. एवढ्या मोठ्या शहरात माझ्या वाक्याच्या शेवटापर्यंत थांबणारं ते एकच माणूस.

“कसं हाय ते सांगणारा शब्द, आबा.”

मग मला हसू आलं. म्हटलं, हे तर आपल्या धंद्यातलंच निघालं. मेंढक्या काय करतो? काळतोंडी, लांबकानी, भुरी, लंगडी, बांडी. दोनशे मेंढरं असली तरी प्रत्येकीला तिच्या रूपावरून नाव. नंबरानं मेंढरू ओळखतो तो व्यापारी. रूपानं ओळखतो तो मेंढक्या. मी तिला तसं सांगितलं, आणि आम्ही दोघं शिकायला लागलो. मी दुसरीपर्यंत शिकलेला, इंग्रजी अक्षर म्हणजे माझ्यासाठी चित्रच. बी म्हणजे दोन पोटांचं. टी म्हणजे मेंढरू बांधायची मेख उलटी केलेली. पण चित्र बघून चित्र काढायला शाळा लागत नाही.

अडचण एकच होती. ज्ञानू आज दहा शब्द पाठ करायची आणि उद्या सात विसरायची.

“डोळ्यापुढं नसत्यात ना, आबा. वही मिटली की पळून जात्यात.”

पळून जातात म्हटल्यावर मेंढक्याचं काळीज हललं.

आता ड्रमांकडं येतो. त्या उन्हाळ्यात पैठणचं धरण तळाला गेलं होतं, नळाचं काही खरं नव्हतं, आणि आमच्या बिल्डिंगला चौथ्या दिवशी टँकर यायचा. पार्किंगमध्ये भिंतीला लागून चौदा निळे ड्रम. सगळे एका आईच्या पोटचे असल्यासारखे सारखे. खडूनं लिहिलेले फ्लॅटचे नंबर टँकरच्या पहिल्या शिंतोड्यात धुऊन जायचे, आणि मग दर वेळी भांडण. त्या बुधवारी सकाळी एसटीतून रिटायर झालेले पुंडलिकराव आणि दुसऱ्या मजल्यावरचा सुदर्शन एकाच ड्रमाला दोन बाजूंनी मिठी मारून उभे होते.

“हा माझा ड्रम हाये.”

“काका, ड्रमावर काय तुमचं तिकीट फाडलंय का?”

तात्यासाहेबांनी दोघांना सोडवलं. (ड्रम सोडवला, म्हणायला पाहिजे.) आणि जाता जाता माझ्याकडं वळून म्हणाले, “मुंजाबा, तुम्ही दिवसभर खालीच असता. या ड्रमांची काहीतरी पक्की ओळख करून ठेवा बुवा. पुसली जाणार नाही अशी.”

मी “व्हय” म्हणालो. ते जिन्यात दिसेनासे झाल्यावर माझ्या तोंडातून “व्हय” बाहेर पडलं.

इथंच मी तो निर्णय घेतला. निर्णय छोटाच होता. ड्रमांची ओळखही पटेल आणि ज्ञानूचे शब्दही पळणार नाहीत. जाता-येता, खेळता-बागडता डोळ्यापुढं राहतील. एका काठीत दोन मेंढरं वळवायची, एवढाच हिशेब. मी खुर्चीतून उठलो आणि चौदा ड्रमांकडं मेंढरांकडं बघतात तसं बघितलं. आणि काय सांगू, एकसुद्धा ड्रम दुसऱ्यासारखा नव्हता. एकाचं बूड उन्हानं फुगलेलं. एक जुनापुराणा, रंग उडून पांढरा पडलेला. एक खालून ठिबकणारा. एक वाजवला की डमरूसारखा पोकळ. प्रत्येकाला स्वभाव होता. आजवर कुणी त्यांच्याकडं बघितलंच नव्हतं.

दुपारी ज्ञानूला म्हटलं, “फुगलेल्याला… काय म्हणायचं?”

“ब्लोटेड.”

“लिही… मोठं. आन् ठिबकणाऱ्याला?”

तिनं चौदा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून दिले. कशासाठी, ते तिनं विचारलं नाही. (विचारलं असतं तर मी सांगत असतानाच संध्याकाळ झाली असती आणि पुढचं सगळं टळलं असतं.) सगळी बिल्डिंग दुपारची आडवी झाली. हनुमानानं गेटला लावून उरलेला तांबडा ऑइलपेंट होता. मी ब्रश घेतला आणि मेंढराच्या पाठीवर गेरूची खूण करावी तशी प्रत्येक ड्रमावर त्याची खूण केली. हातभर अक्षरं. सुबक. दोन पोटांचा बी तर असा उतरला की मीच मागं सरून दोनदा बघितला.

मग हात धुऊन खुर्चीत बसलो. तीस वर्षांत एवढं समाधान वाटलं नव्हतं.

चार वाजता पहिला माणूस खाली आला. पुंडलिकराव. ते आपल्या ड्रमापुढं थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. ड्रमावर लिहिलं होतं, लीकी.

ते माझ्याजवळ आले आणि इकडं-तिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“काय?”

“माझ्या ऑपरेशनचं. डॉक्टर, मी आणि आमची ही, तिघांनाच माहीत होतं. लघवीचा त्रास हा काय भिंतीवर लिहायचा विषय आहे का, मुंजाबा?”

मी म्हणालो, “तसं… न्हाय… पुंडलिकराव… ते तर…” आणि ‘ड्रम’ हा शब्द ओठावर आला तेव्हा ते पहिल्या मजल्यावर पोचले होते आणि बायकोवर ओरडत होते.

त्यानंतर सुदर्शन आला. सुदर्शन म्हणजे चौकातल्या फ्लेक्सवरचा भावी नगरसेवक. त्याच्या ड्रमावर होतं, हॉलो. त्यानं मोबाइलमध्ये अर्थ बघितला, मग माझ्याकडं बघितलं, मग चौकाच्या दिशेनं बघितलं. “विरोधकांनी किती दिवसांपासून तुम्हाला हाताशी धरलंय?” एवढंच विचारून गेला.

तिसऱ्या मजल्यावरचा अजिनाथ, नवं लग्न झालेला, रोज व्यायामशाळेत जाणारा. त्याच्या बायकोचा, अंबिकाचा, नवाकोरा चकचकीत ड्रम. त्यावर मी मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं, मॅग्निफिसंट.

“काका,” अजिनाथ बाह्या वर सारत म्हणाला, “हा ड्रम कोण भरतं?”

“अंबिका… पोर…”

“मग मॅग्निफिसंट म्हणजे तुम्हाला नक्की काय म्हणायचंय?”

अंबिका मागून म्हणाली, “चांगलंच लिहिलंय ना त्यांनी. वर्षभरात तुमच्या तोंडातून एवढा मोठा शब्द आला नाही.” त्यावर त्या दोघांचं जे लागलं ते लागलं. व्यायामशाळेत कमावलेले दंड माझ्यापर्यंत पोचलेच नाहीत, हे माझं नशीब.

आणि मग तात्यासाहेब आणि आशाबाई उतरले. त्यांचे दोन ड्रम. शेजारी शेजारी. एक बुडाशी फुगलेला, एक जुनापुराणा. एकावर लिहिलेलं, ब्लोटेड. त्याला खेटून दुसऱ्यावर, एन्शंट.

तनुजा त्यांच्या मागंच होती. तिनं वाचलं आणि पदर तोंडात धरला. आशाबाईंनी विचारलं, “तनू, काय लिहिलंय गं?”

“काही नाही, आई. असंच.”

“असंच काय? हे बी-वालं काय आहे?”

सुदर्शन जिन्यातून मोबाइल बघत म्हणाला, “फुगलेला. आणि दुसरं पुरातन. लेण्यांना वगैरे म्हणतात तसं.”

तात्यासाहेबांनी पोटावरचा सदरा खाली ओढला. आशाबाईंचा हात आपोआप केसांवर गेला. नवरा-बायकोच्या संसारात एवढं बरोबर एकाच वेळी क्वचितच काही होतं.

“मुंजाबा,” तात्यासाहेब म्हणाले, “तुम्हाला घरचं माणूस समजत होतो.”

“तात्यासाहेब… तुमचा… नाय… ते बूड…”

मला ‘ड्रमाचं बूड’ म्हणायचं होतं. पण ‘बूड’ या शब्दावर येऊन मला श्वास घ्यावा लागला, आणि तेवढ्यात सगळा बिघाड झाला. तात्यासाहेब तांबडे झाले. ऑइलपेंटपेक्षा तांबडे.

“तनुजा, आजपासून ती शिकवणी बंद,” एवढं बोलून ते जिना चढले. आशाबाई त्यांच्या मागं. तनुजानं माझ्याकडं बघितलं, माझा इलाज नाही अशा अर्थानं हात हलवले, आणि तीही गेली.

मी वर आलो तेव्हा ज्ञानू कोपऱ्यात बसली होती. वही मिटलेली. परीक्षा सोमवारी. मधे चारच दिवस.

“आबा, ते शब्द मीच लिहून दिलते,” ती म्हणाली. “माझंच चुकलं.”

मला म्हणायचं होतं, नाय गं माय, चूक या म्हाताऱ्याची. पण ते वाक्य मोठं होतं. मी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बानाबाईनं मात्र माझी वाट बघितली नाही. “अवं, तेरा घरं या एका बिल्डिंगमध्ये. एका दुपारी बाकीच्या बाराही घरांशी वैर. पिशोरला आपली तीन पिढ्या भावकी हाय, तितंबी एवढं जमलं नव्हतं.” मग जरा थांबून विचारलं, “आपल्या ड्रमावर काय लिवलं?”

“थंडरस.”

“म्हंजी?”

“गडगडाटी,” ज्ञानू हळूच म्हणाली. “आपला ड्रम लई वाजतो ना, आजी.”

बानाबाईनं माझ्याकडं पाच मिनिटं बघितलं. (मी घड्याळ बघितलं नाही. पण पाचच असतील.)

गुरुवारी मी तात्यासाहेबांच्या दारात गेलो. दार उघडलं, मी तोंड उघडलं, दार मिटलं, आणि मी म्हणालो, “रामराम.” शुक्रवारी रॉकेलचं फडकं घेऊन अक्षरं पुसायला गेलो, तर बानाबाईनं हात धरला. “पाण्याला वास लागला तर उरलेसुरले बी मारायला येतील.” मग खरवडून बघितलं. बीचं एक पोट जरा बारीक झालं, पण तेवढ्यानं कुणाचं समाधान होण्यासारखं नव्हतं. तनुजा कॉलेजला जाता-येता जिन्यात दिसायची, सासऱ्याच्या धाकानं नजर चुकवायची. एकदा फक्त पुटपुटली, “तिला म्हणावं, रोज पाच वाक्यं लिहीत राहा.” ज्ञानू लिहीत होती. पण बघणारं कुणी नव्हतं, चूक का बरोबर सांगणारं कुणी नव्हतं. मी बघायचो आणि मान हलवायचो. मला सगळीच अक्षरं छान दिसत होती.

शनिवारी तिनं वहीच काढली नाही. “पाचवीत बसंन मी,” म्हणाली. “पाचवीतल्या पोरीबी बऱ्या असतील.” मेंढरू पाय आखडून खाली बसलं की मेंढक्याला कळतं, आता हे उठायचं नाही.

रविवारी सकाळी टँकर आला. टँकरवाला धोंडिबा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि भांडायला तर त्याला वेळच नव्हता. त्यानं पाइप खाली टाकला आणि सगळी बिल्डिंग आपापल्या ड्रमापाशी उभी राहिली. त्या दिवशी पहिल्यांदाच एकाही ड्रमासाठी भांडण झालं नाही. जो तो आपल्या अपमानाजवळ बरोबर जाऊन उभा राहिला.

पहिला पाइप तात्यासाहेबांच्या फुगलेल्या ड्रमात पडला. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. ड्रम भरायला दहा मिनिटं लागतात. तात्यासाहेबांनी पाइपाचं तोंड दोन्ही हातांनी धरलंय. सोडला तर पाणी वाया, आणि त्या उन्हाळ्यात पाणी वाया घालवणारा माणूस बिल्डिंगमध्ये राहिला नसता. म्हणजे दहा मिनिटं तात्यासाहेब कुठंही जाऊ शकत नव्हते.

ज्ञानू सोडली तर गेल्या कित्येक वर्षांत माझ्यासाठी कुणी दहा मिनिटं थांबलं नव्हतं. मी खुर्चीतून उठलो.

“तात्यासाहेब,” मी म्हणालो. “मी… मेंढक्या माणूस.”

“माहीत आहे,” ते भिंतीकडं बघत म्हणाले.

“मेंढराला… नाव देतो… ते मेंढराच्या… रूपावरनं. मालकाच्या… नाय.”

पाइप खळखळत होता. मी खाली वाकलो आणि ड्रमाच्या बुडावर हात ठेवला. “हा… ड्रम… फुगलाय. उन्हानं. इथं… बघा.”

तात्यासाहेब बघायला वाकले. पूर्ण वाकता आलं नाही, मधेच त्यांचं पोट आडवं आलं. (मी काही बोललो नाही. काही गोष्टी सावकाश बोलणाऱ्यानं मुळीच बोलू नयेत.) मग आशाबाईच वाकल्या. त्यांनी बूड चाचपलं, शेजारच्या ड्रमाचं चाचपलं, आणि उठून म्हणाल्या, “खरंच की हो. हा फुगलाय.”

“आन् हा… दुसरा…”

“माझ्या लग्नातला आहे तो,” आशाबाई म्हणाल्या. “गव्हाला आणला होता. याच्याएवढी जुनी वस्तू आमच्या घरात नाही.”

“आहे एक,” तात्यासाहेब अजून भिंतीकडंच बघत होते. “पाइप धरून उभी आहे.”

पहिलं हसू आशाबाईंचं. मग तनुजा हसली, आणि तिचं हसू चार दिवस दाबून ठेवलेलं असल्यामुळं ते लवकर थांबेना. मी एकेका ड्रमापाशी गेलो. पुंडलिकरावांच्या ड्रमाखालचं थारोळं दाखवलं. अंबिकाच्या ड्रमावरचं दुकानातलं स्टिकर दाखवलं, अजून निघालं नव्हतं. पुंडलिकरावांना एवढा सुटल्यासारखा आनंद झाला की ते सगळ्यांना सांगत सुटले, “ड्रमाचं आहे, माझं नाही. माझं ऑपरेशन एकदम व्यवस्थित झालंय.” ज्यांना माहीत नव्हतं त्या दहा घरांनाही अशा रीतीनं ते कळलं.

सुदर्शनचा तेवढा राग उतरत नव्हता. “माझाच पोकळ कसा?”

मी ड्रमावर टिचकी मारली. तो डमरूसारखा वाजला. “कधी… भरलेला… दिसला न्हाय.”

“चौकातसुद्धा हेच म्हणतात,” टँकरवरून धोंडिबा म्हणाला. तो बिचारा पाण्याचंच बोलत असावा.

या सगळ्यात बानाबाई आपल्या ड्रमापाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, “मला गडगडाटी लिवलंय. मी काय एका शब्दानं बोलले का?” त्यावर सगळी बिल्डिंग आधी माझ्याकडं आणि मग जमिनीकडं बघायला लागली.

ड्रम भरला. तात्यासाहेबांनी पाइप पुढं दिला, हात सदऱ्याला पुसले आणि जिन्याकडं निघाले. मला वाटलं, संपलं. ज्ञानू खांबामागं उभी होती. ते तिच्यापाशी थांबले.

“परीक्षा कधी आहे गं?”

“उद्या.”

“मग इथं खांब धरून काय उभी आहेस? तनुजा, घे हिला. इथंच घे. हे चौदा धडे भिंतीला उभेच आहेत.”

त्यानंतर जे झालं तसलं मी जन्मात बघितलं नव्हतं. तनुजा ड्रमावर हात ठेवायची आणि ज्ञानू एका शब्दावर न थांबता त्याच्याच जातीचे आणखी दोन सांगायची. ब्लोटेडला स्वोलन, बल्जिंग. एन्शंटला एज्ड, वेदर्ड. आशाबाई म्हणाल्या, “वेदर्ड बरं वाटतंय कानाला, मला ते चालेल.” अजिनाथनं बायकोकडं बघत तीनदा मॅग्निफिसंट म्हणून बघितलं, चौथ्यांदा नीट जमलं. पुंडलिकराव म्हणाले, “मला ड्राय म्हणा.” धोंडिबाचा टँकर रिकामा झाला तरी तो जाईना. शेवटी त्यानंही विचारलं, “आमच्या गाडीला एखादं बसतंय का बघा, ताई.” ज्ञानूनं गाडीभोवती एक चक्कर मारली, मागचा खिळखिळा दरवाजा हलवून बघितला आणि म्हणाली, “रिकेटी.” तो खुशीत गेला. अर्थ त्यानं विचारला नाही.

जेवायच्या वेळेपर्यंत पोरगी चाळीस शब्द बिनचूक सांगत होती. एकही पळाला नाही.

सोमवारी परीक्षा झाली. गुरुवारी निकाल घेऊन ज्ञानू शाळेतून आली ती जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढत आली. “आबा, सातवी. वीसपैकी एकोणीस.” बानाबाईनं तिची दृष्ट काढली. मी काय बोललो ते अजून पुरतं बोलून व्हायचंय.

“आन् आबा, मोठ्या बाईंनी तुमाला उद्या शाळेत बोलावलंय. मी तुमच्यावरच लिहिलं होतं.”

माझी छाती केवढी झाली ते सांगत नाही. म्हटलं, सत्कार असणार. नातीला शब्द शिकवणारा मेंढक्या आजोबा, शहरात अशी माणसं किती असतात? पांढरं धोतर नेसलो, नवा पटका बांधला, मिशीला तेल लावलं. बानाबाईनं विचारलं, “वरात कुठं निघाली?” मी वाटेतल्या ड्रमांनासुद्धा रामराम केला.

मोठ्या बाईंनी उठून नमस्कार केला, खुर्ची दिली. टेबलावर ज्ञानूचा पेपर होता. त्या वाचून मराठीत सांगायला लागल्या. “सुरकुतलेले. बरोबर. संथ. बरोबर. भोळे, दात पडलेले, मायाळू, चिवट. सगळी बरोबर. मोठी सुंदर विशेषणं आहेत.”

मी मान हलवत होतो. हारतुरा कुठं ठेवलाय ते डोळ्यांनी शोधत होतो.

“एकोणीस शब्दांना मार्क दिले,” बाई म्हणाल्या. “विसाव्यावर मी लाल रेघ मारली. वर्णन खरं असावं, अशी अट होती. तर ही मुलगी तिथंच माझ्याशी वाद घालायला लागली. बाई, खरं आहे, माझे आबा हँडसमच आहेत म्हणाली. रडायलाच लागली. मी म्हटलं, बरं बाई, घेऊन ये त्यांना. बघते आणि देते मार्क.”

ज्ञानूनं माझा हात घट्ट धरला. मी पटका नीट केला, मिशीवरून बोट फिरवलं आणि ताठ बसलो.

बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं. मला समोरून बघितलं. चष्मा नाकावर खाली घेऊन बघितलं. मग उठून दोन पावलं डावीकडं गेल्या आणि तिथूनही बघितलं.

मग त्यांनी पेनाला परत टोपण लावलं, ज्ञानूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “एकोणीस हे काही कमी मार्क नाहीत, बाळा.”